मोटर थांबते कुठे

नवं यंत्र बघायला माणसं जमली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: मोटर किती एचपीची? मग वेग विचारतात, वजन किती उचलेल ते विचारतात, वीज किती खाईल ते विचारतात. मला आधी दुसरंच जाणून घ्यायचं असतं. हे थांबतं कुठे? आणि तिथं नाही थांबलं तर मग कुठे? मोटरवर चालणारी यंत्रं जोडण्यात आणि दुरुस्त करण्यात बरीच वर्षं गेली, आणि या प्रश्नाबद्दलची माझी आस्था वाढतच गेली आहे. चालू करणं सोपं. बटण दाबलं, कॉन्टॅक्टर (कॉइलला वीज मिळाली की ओढला जाऊन मोटरची वीज जोडणारा स्विच) ओढला गेला, मोटर फिरली. नेमक्या जागी थांबवायचं तर मात्र त्या जागेपासून उलट्या दिशेनं विचार करत यावं लागतं.

मोटरला जागा कळत नाही, हे सगळ्याचं मूळ. चार पोलची साधी इंडक्शन मोटर ५० हर्ट्‌झवर मिनिटाला साधारण १४४० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २४. त्या फेऱ्यांमुळे पुढे टेबल सरकतंय, फाटक उघडतंय की हुक वर चढतोय, याची तिला काही खबर नसते. टेबल टोकाला जाऊन अडलं तरी ती जोर लावतच राहते. अडलेली मोटर नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते, आणि जास्त करंट वाहिला की वीज तोडणारा ओव्हरलोड रिले ट्रिप व्हायला त्यानंतरही काही सेकंद जातात. तेवढ्यात स्क्रू वाकतो, चाकाला शाफ्टशी बांधणारी चावी कातरली जाते, साखळी तुटते. "ओव्हरलोड बसवलाय ना, मग लिमिट स्विच कशाला?" असं कुणी म्हणालं की मी हातातलं काम बाजूला ठेवून समजावतो. ओव्हरलोड रिले मोटरची वाइंडिंग जळू नये म्हणून असतो. वाइंडिंग शाबूत ठेवून सगळं यंत्र मोडून पडलेलं पाहायला मिळतं, आणि अशा वेळी ओव्हरलोडनं आपलं काम चोख केलेलं असतं.

जागेची खबर देतो तो लिमिट स्विच. एक लहानशी डबी, तिच्यातून बाहेर आलेला दांडा किंवा रोलर लावलेला हात, आत दोन-चार संपर्क. सरकणाऱ्या भागावर बसवलेला डॉग, म्हणजे उताराचा ठोकळा, येऊन रोलरला ढकलतो आणि आतला संपर्क उघडतो. पण आतली रचना बारकाईनं बघावी अशी आहे. टेबल जर अगदी हळू सरकत असेल आणि संपर्कही त्याच्याबरोबर हळूहळू उघडत गेला, तर दोन टोकांमध्ये केसाएवढी फट बराच वेळ राहील, तिच्यात ठिणगी जळत राहील आणि संपर्क खाऊन टाकेल. म्हणून आत पातळ पत्र्याची स्प्रिंग असते. डब्याचं पत्र्याचं झाकण मध्यावर दाबत गेलं की एका बिंदूला टक्कन आत जातं, तशीच ही स्प्रिंग ठरावीक बिंदूपलीकडे झटक्यात उलटते. बाहेरची हालचाल कितीही संथ असो, संपर्क उघडतो तो काही मिलिसेकंदांतच. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या फ्रीपोर्टमध्ये १९३२ साली पीटर मॅकगॉल यांनी या तत्त्वावरचा छोटा स्विच तयार केला आणि 'मायक्रो स्विच' हे व्यापारी नाव पुढे अख्ख्या जातीलाच चिकटलं. हल्ली लोखंड जवळ आल्याचं स्पर्शाशिवाय ओळखणारे प्रॉक्सिमिटी सेन्सर सर्रास वापरतात आणि धूळ, तेल, ओल असलेल्या जागी ते उत्तमच. तरी त्या टिक् आवाजावर माझा जीव आहे. अंधाऱ्या कोपऱ्यात, मीटर नसताना, नुसत्या बोटानं दाबून कळतं की स्विच जिवंत आहे की नाही.

आता खऱ्या अडचणीकडे येतो. लिमिट लागली की यंत्र थांबलं, असा समज फार पक्का असतो. लिमिट लागते त्या क्षणी यंत्र पूर्ण वेगात असतं. एक हिशेब मांडतो. पाच मिलिमीटर पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात टेबल पाच मिलिमीटर सरकवणारा, लीड स्क्रू थेट मोटरला जोडलाय. सेकंदाला २४ फेरे, म्हणजे टेबल सेकंदाला १२० मिलिमीटर धावतंय. लिमिटचा संपर्क उघडला, कॉन्टॅक्टरच्या कॉइलची वीज गेली, पण मुख्य संपर्क सुटायला, समजा, २० मिलिसेकंद लागले. तेवढ्यात टेबल २.४ मिलिमीटर पुढे गेलं. मग ब्रेक बसला आणि त्यानं ०.२ सेकंदात वेग शून्यावर आणला. या काळात सरासरी वेग निम्मा धरला तर आणखी १२ मिलिमीटर. एकूण १४.४. बोटाच्या रुंदीएवढं अंतर, आणि हे ब्रेक असताना. ब्रेक नसेल तर मोटर नुसती घरंगळत थांबते, आणि ती कुठे थांबेल हे घर्षणावर सोडून द्यावं लागतं.

वेग निम्मा केला तर? कॉन्टॅक्टरच्या विलंबातलं अंतर निम्मं होतं, १.२. ब्रेकखालचं अंतर मात्र एक चतुर्थांशच उरतं, ३, कारण फिरणाऱ्या वस्तुमानातली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत असते आणि ब्रेकची ताकद तीच आहे. एकूण ४.२. वेग दहाव्या हिश्श्यावर आणला तर ०.२४ अधिक ०.१२, म्हणजे जेमतेम ०.३६ मिलिमीटर. हे आकडे मी नव्या मुलांकडून कागदावर करून घेतो, कारण एकदा हातानं मांडले की दोन वेगांची गरज पुन्हा सांगावी लागत नाही. अलीकडे एक लिमिट, तिच्यावर वेग कमी. पलीकडे दुसरी लिमिट, तिच्यावर थांबणं. लिफ्ट मजल्याशी येताना मंदावते, वजन उचलणारा चांगला होइस्ट टोकाजवळ आपोआप रांगायला लागतो, ते यामुळेच.

पण अंतर मोठं असणं हे खरं दुखणं नव्हेच. दर वेळी नेमकं १४.४ मिलिमीटरच पुढे जाणार असेल, तर स्विच तेवढा अलीकडे सरकवला की काम झालं. दुखणं असं की ते दर वेळी बदलतं. सकाळी गिअरबॉक्समधलं तेल थंड आणि घट्ट असतं, यंत्र लवकर थांबतं. दुपारपर्यंत तेल पातळ होतं आणि तेच यंत्र थोडं पुढे जाऊन थांबतं. वजन वर चढत असेल तर गुरुत्वाकर्षण ब्रेकला मदत करतं, खाली उतरत असेल तर ब्रेकशी झगडतं. ब्रेकचं लायनर झिजतं. त्यावर कुणीतरी गळणाऱ्या सीलचं तेल उडवतं. १४.४ मध्ये दहा टक्क्यांचा फरक म्हणजे जवळपास दीड मिलिमीटर. ०.३६ मध्ये दहा टक्के म्हणजे डोळ्याला न दिसणारा फरक. 'सेटिंग हलतंय, स्विच बदला' अशी तक्रार आली की मी स्विचकडे शेवटी बघतो. चांगल्या स्विचचा स्वतःचा चढउतार मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजण्याइतका असतो. हलत असतं ते थांबण्याचं अंतर. नवा स्विच लावून ते आटोक्यात येत नाही, ब्रेक उघडून बघावा लागतो.

याच अंतरातून दुसरी एक भानगड जन्माला येते, आणि ती फार वेळा दिसते. डॉग आखूड असतो. तो येतो, रोलर दाबतो, लिमिट लागते, वीज तुटते; पण यंत्र घरंगळत पुढे जातं आणि डॉग रोलरच्या पलीकडे निघून जातो. स्प्रिंगनं हात पुन्हा सरळ होतो. आता कंट्रोलच्या दृष्टीनं यंत्र मोकळ्या जागेत आहे, आणि प्रत्यक्षात ते हद्दीच्या पलीकडे उभं आहे. ऑपरेटरनं त्याच दिशेचं बटण पुन्हा दाबलं तर ते निमूटपणे टोकाकडे निघतं. म्हणून डॉगची लांबी थांबण्याच्या सर्वांत वाईट अंतरापेक्षा जास्त हवी, म्हणजे यंत्र कुठेही थांबलं तरी रोलर दाबलेलाच राहील. डॉगचा उतार हलका हवा, रोलरवर आडवी धडक बसता कामा नये. आणि लिमिट स्विचच्या डबीनं यंत्र अडवायचं नाही. अडवायला वेगळा लोखंडी किंवा रबरी अडसर असतो, आणि तो डॉगच्या हिशेबानंतर, स्विचचा हात मोडायच्या आधी लागेल अशा जागी बसवायचा. रेखाचित्रावर या गोष्टी क्वचित नीट दाखवलेल्या असतात. त्या यंत्राशेजारी गुडघ्यावर बसून, पट्टीनं मोजूनच ठरतात.

आता वायरिंग. लिमिटचा संपर्क दोन प्रकारे वापरता येतो: एनओ, म्हणजे एरवी उघडा आणि डॉग आला की जुळणारा, किंवा एनसी, म्हणजे एरवी जुळलेला आणि डॉग आला की उघडणारा. कागदावर दोन्ही सारखेच काम करतात. पण तार तुटली तर? उंदरानं कुरतडली, टर्मिनल सैल झालं, हलणाऱ्या केबलमधला तांबा वाकून वाकून आतल्या आत तुटला? एनओ जोडणीत काहीच कळणार नाही. यंत्र नेहमीसारखं चालेल, टोकाशी जाईल, डॉग रोलर दाबेल, आणि तो निरोप कुणापर्यंत पोचणार नाही. एनसी जोडणीत तार तुटली त्याच क्षणी यंत्र थांबेल, भलत्या वेळी, भलत्या जागी. ऑपरेटर वैतागेल, उत्पादन अडेल, फोन येतील. मला हा वैताग मनापासून हवा असतो. बिघाड झालाय हे सर्वांना कळलं, तेही कुणाला इजा व्हायच्या आत. थांबवण्याच्या साखळीत 'सगळं ठीक आहे' हे विजेनं सतत सांगत राहिलं पाहिजे. गप्प झालं की थांबायचं.

यातही एक बारकावा आहे. एनसी संपर्क वितळून चिकटला तर? साध्या मायक्रोस्विचमध्ये संपर्क उघडतो तो स्प्रिंगच्या ताकदीनं, आणि चिकटलेल्या संपर्कापुढे त्या पातळ स्प्रिंगचं काही चालत नाही. म्हणून माणसांच्या सुरक्षिततेशी संबंध असलेल्या जागी वेगळ्या रचनेचे स्विच लागतात. त्यांत दांड्याचा जोर स्प्रिंगवर न सोपवता थेट, घन भागांमधून, संपर्कापर्यंत पोचतो आणि चिकटलेला संपर्कही फाडून उघडतो. आयईसी ६०९४७-५-१ या मानकात अशा स्विचसाठी खूण ठरवली आहे: वर्तुळात बाण. स्टोअरमधून स्विच आणताना ती खूण डबीवर आहे का, हे बघायची सवय लागावी असं मला फार वाटतं. दिसायला दोन्ही डब्या जुळ्या असतात आणि किंमत कमी असलेली हमखास आधी हातात येते.

दिशेचा प्रश्न राहिला, आणि मला विचाराल तर या सगळ्या विषयात सर्वांत धोक्याची जागा हीच. वरची लिमिट लागल्यावर वर जाणं बंद झालं पाहिजे, खाली येणं चालू राहिलं पाहिजे. नाहीतर यंत्र टोकाशी अडकून बसेल. म्हणून वरच्या लिमिटचा संपर्क फक्त 'वर'च्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलशी जोडतात आणि खालच्या लिमिटचा फक्त 'खाली'च्या. अगदी बरोबर. पण या जोडणीनं एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की 'वर'चा कॉन्टॅक्टर ओढला की हुक खरोखर वरच जातो.

तीन फेजच्या मोटरची दिशा फेजच्या क्रमावर ठरते. कुठल्याही दोन तारा अदलाबदल झाल्या की ती उलटी फिरते. आणि ही अदलाबदल यंत्रातच व्हायला हवी असं नाही. मेन केबल काढून पुन्हा जोडली, पॅनेल हलवलं, जनरेटरवर घेतलं, कुठेही होऊ शकते. आता ऑपरेटर 'वर' दाबतो, हुक खाली जातो. त्याला वाटतं बटणं उलटी लागली आहेत. तो समजूतदारपणे 'खाली' दाबतो, हुक वर जाऊ लागतो आणि वरची लिमिट दाबतो. लिमिटचा संपर्क व्यवस्थित उघडतो. तो 'वर'च्या कॉइलमध्ये आहे. पण यंत्र चालू आहे 'खाली'च्या कॉन्टॅक्टरवर. लिमिट शाबूत, वायरिंग शाबूत, ब्रेक शाबूत, आणि हुकाचा ब्लॉक जाऊन ड्रमवर आदळतो, दोर तुटतो, वजन खाली येतं. यातला प्रत्येक भाग वेगळा तपासला तर निर्दोष सापडेल. म्हणूनच ही गोष्ट मला इतकी अस्वस्थ करते.

यावर उपाय आहेत आणि ते महाग नाहीत. फेज क्रम तपासणारा रिले: क्रम उलटला की कंट्रोलला वीजच देत नाही. आणि नेहमीच्या लिमिटच्या पलीकडे एक अखेरची लिमिट, जी दिशाबिशा काही विचारत नाही, थेट मुख्य पुरवठाच तोडते. ती लागली की यंत्र दोन्ही दिशांना बंद, आणि माणसानं येऊन कारण शोधल्याशिवाय सुरू होत नाही. लिफ्टमध्ये मार्गाच्या दोन्ही टोकांना अशी अखेरची लिमिट असते, आणि तिच्याही पलीकडे, खड्ड्यात, धक्का झेलणारा बफर. पण रिले असो वा नसो, माझा शिरस्ता ठरलेला आहे. पुरवठ्याच्या तारांना हात लागला असेल तर पहिली चाचणी प्रवासाच्या मध्यावर, दोन्ही टोकांपासून लांब, बटणाला नुसतं टोचून. दिशा पाहायची, आणि मग चालत्या यंत्राची लिमिट हातानं दाबून तेच बटण निकामी होतंय का ते पाहायचं. बटणं उलटी वाटली तर वापरणाऱ्यानं स्वतःला जुळवून घ्यायचं नाही, यंत्र बंद करून वायरमनला बोलवायचं. हे मी प्रत्येक ऑपरेटरला सांगतो.

सिंगल फेजच्या शटर मोटरींतही दिशेचा असाच चकवा आहे. त्यांत दोन वाइंडिंग आणि मध्ये कपॅसिटर असतो. एका स्विचवर दोन मोटरी समांतर जोडल्या आणि एकीची वरची लिमिट आधी लागली, तर अजून चालणाऱ्या दुसऱ्या मोटरच्या कपॅसिटरमधून पहिलीच्या 'खाली'च्या तारेवर वीज येते. थांबलेलं शटर आपोआप खाली सरकतं, लिमिट पुन्हा जुळते, ते पुन्हा वर जातं, आणि असं थरथरत राहतं. प्रत्येक मोटरला स्वतंत्र संपर्क किंवा रिले दिला की हा खेळ मिटतो.

धोक्यांबद्दल इतकं लिहिल्यावर या विषयातल्या दोन सुंदर गोष्टी सांगितल्या नाहीत तर अन्याय होईल. पहिली डीसी लिनिअर ॲक्च्युएटरमधली, म्हणजे मोटरनं दांडा सरळ आत-बाहेर सरकवणाऱ्या साधनातली. दोनच तारा बाहेर येतात. धन-ऋण अदलाबदल केली की दांडा बाहेर किंवा आत. आत दोन्ही टोकांना एकेक एनसी लिमिट, आणि प्रत्येकीला समांतर एकेक डायोड, म्हणजे प्रवाहाला एकाच दिशेनं वाट देणारा भाग. दांडा पूर्ण बाहेर आला की लिमिट उघडते आणि प्रवाह तुटतो, कारण डायोड त्या दिशेनं वाट देत नाही. पण तारा उलटवल्या की प्रवाहाची दिशा बदलते, तोच डायोड आता वाट देतो, मोटर मागे फिरते, लिमिट पुन्हा जुळते. दोन स्विच, दोन डायोड. ना रिले, ना कंट्रोलर, ना तिसरी तार. पुढे जायला बंदी आणि मागे यायला मोकळीक, एवढा विचार दोन डायोडमध्ये बसवलेला आहे. दुसरी गोष्ट गाडीच्या वायपरची. वायपरचा स्विच आपण पातं काचेच्या मध्यावर असताना बंद करतो, तरी पातं खाली जाऊनच थांबतं. स्विच बंद झाल्यावरही मोटरला दुसऱ्या एका वाटेनं वीज मिळत राहते, आणि ती वाट गिअरबॉक्समधल्या फिरत्या चकतीवरून जाते. पातं खाली पोचलं की चकतीवरची खाच संपर्काखाली येते, वीज तुटते आणि त्याच वेळी मोटरची दोन टोकं एकमेकांना जोडली जातात. फिरती मोटर तेवढ्यापुरती जनित्र होते, तिनं निर्माण केलेला प्रवाह तिच्यातच फिरतो आणि तिलाच रोखतो. जागा ओळखणं आणि ब्रेक लावणं, दोन्ही कामं एका चकतीत.

वायपरसारखं थांबणं हे टोकाचं थांबणं नसतं, फेऱ्यातलं असतं. शिवणकामाच्या कारखान्यातल्या सर्वो मोटरच्या मशीनवर सुई वर थांबावी की खाली, हे ठरवून देता येतं. कोपरा वळवायचा असेल तर सुई कापडात रुतलेली हवी, म्हणजे तिच्याभोवती कापड फिरवता येतं. कापड काढायचं असेल तर सुई वर हवी. मशीन मिनिटाला हजारो टाके घालत असतं, आणि पाय उचलल्यावर मुख्य शाफ्टच्या एका ठरलेल्या कोनातच ते उभं राहतं. कारागिराला दर वेळी हातानं चाक फिरवून सुई जागेवर आणावी लागत नाही. दिवसभरात असं किती वेळा मनगट वाचत असेल, याचा विचार केला की या लहानशा सोयीबद्दल आदर वाटतो.

पत्र्याला ठोकून आकार देणाऱ्या मेकॅनिकल प्रेसवर मात्र हाच कोन जिवाशी निगडित होतो. प्रत्येक ठोक्यानंतर क्रँक वरच्या टोकाला थांबला पाहिजे, कारण पुढच्या क्षणी माणसाचा हात डायमध्ये, म्हणजे साच्यात, जाणार असतो. म्हणून चांगल्या प्रेसवर शाफ्टला जोडलेला आणखी एक कॅम असतो, आणि त्याचं काम फक्त एवढंच बघणं, की थांबल्यावर रॅम, म्हणजे ठोका देणारा वर-खाली होणारा भाग, ठरलेल्या कोनापलीकडे गेला का. ब्रेक झिजत चालला की रॅम दर वेळी थोडा थोडा पुढे जाऊन थांबायला लागतो, आणि हद्द ओलांडली की प्रेस पुढचा ठोकाच नाकारतो. हात आत आला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा लावतात तोही थांबण्याच्या वेळेवरूनच किती लांब हवा ते ठरतं. आयएसओ १३८५५ या मानकात हाताचा वेग सेकंदाला २००० मिलिमीटर धरला आहे. प्रेस थांबायला सगळं मिळून ०.२ सेकंद लागत असतील, तर नुसत्या या गुणाकारानंच पडदा ४०० मिलिमीटर दूर जातो, आणि वर थोडी भर घालावी लागते. ब्रेक ढिला पडून थांबायला ०.३ सेकंद लागायला लागले, तर पडदा आहे तिथंच, आणि हात मात्र आधी पोचतो. पडदा चकाचक, दिवे हिरवे, आणि संरक्षण संपलेलं. थांबण्याचा वेळ अधूनमधून मोजून लिहून ठेवावा हा माझा आग्रह इथून आलेला आहे.

जागा मोजण्याची आणखी एक रीत म्हणजे फेरे मोजणं. शटरच्या मोटरीत, होइस्टच्या गिअर लिमिटमध्ये शाफ्टचे फेरे मोजून टोक ठरवतात. सोयीची रीत आहे, पण ती जागा बघत नाही, शाफ्ट बघते. साखळी एक दात घसरली, दोर बदलताना ड्रमवर एक वेढा कमीजास्त झाला, की मोजणी आणि वास्तव यांची फारकत झाली. म्हणून दोर किंवा साखळी बदलल्यावर लिमिट पुन्हा लावायची, हा नियम न चुकता पाळायचा. संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रं आणि थ्रीडी प्रिंटर रोज सुरू झाल्यावर आधी होमिंग करतात, म्हणजे आपली शून्य जागा शोधतात, ते याच कारणानं. त्यांतल्या स्टेपर मोटरला, म्हणजे ठरावीक छोट्या पावलांनी फिरणाऱ्या मोटरला, वीज गेल्यावर आपण कुठे होतो ते आठवत नाही. ती हळू जाऊन स्विचला लागते, थोडी मागे येते, आणखी हळू पुन्हा लागते आणि तिथं शून्य मानते. पुढच्या सगळ्या आकडेवारीतल्या हद्दी त्या शून्यावर उभ्या असतात. नेहमी एकाच बाजूनं लागायचं, कारण स्विच दाबला जाण्याचा बिंदू आणि सुटण्याचा बिंदू यांत फरक असतो.

शेवटी, ज्याबद्दल मनात राग आहे त्याविषयी. पॅनेल उघडलं की कधीकधी टर्मिनलवर लूप मारलेला दिसतो. लिमिट खराब झाली, सुट्टा भाग नव्हता, काम अडलं होतं, कुणीतरी दोन टर्मिनल तारेच्या तुकड्यानं जोडून टाकली. 'उद्या बदलू.' तो तुकडा तिथंच राहतो, त्यावर धूळ बसते, लूप मारणारा माणूस बदलून जातो आणि नव्या ऑपरेटरला यंत्राला लिमिट आहे असंच वाटत राहतं. स्विच जागेवर दिसतो ना. रोलर फिरतो, टिक् आवाजही येतो.

दुसरी सवय याहून सौम्य दिसते आणि तितकीच वाईट आहे. ऑपरेटर बटण दाबून धरतो आणि लिमिट लागेपर्यंत सोडत नाही. वर न्यायचंय ना, लिमिटच थांबवेल. अशानं अखेरच्या वेळी कामी येणारी गोष्ट दिवसभर झिजत राहते, आणि ज्या वेळी खरोखर बटणावरचं लक्ष उडेल त्या वेळी ती संपलेली असते. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या ओव्हरहेड क्रेनच्या नियमांत, १९१०.१७९ मध्ये, हे स्पष्ट लिहिलं आहे: होइस्टची वरची लिमिट रोजच्या चालवण्याचं साधन म्हणून कधीही वापरायची नाही. आणि त्याच जागी दुसरी गोष्ट लिहिली आहे, की प्रत्येक ऑपरेटरनं आपली पाळी सुरू होताना वरची लिमिट रिकाम्या हुकानं, टोचत टोचत किंवा कमी वेगानं, लावून बघायची.

या दोन सूचना शेजारी शेजारी आहेत हे मला फार योग्य वाटतं. रोज वापरायची नाही, पण रोज तपासायची. तपासायला वेळ किती लागतो? हुक रिकामा करायचा, खाली कुणी उभं नाही हे बघायचं, मध्यावर दोन्ही दिशा पाहायच्या, मग हळूहळू वर न्यायचा, आणि लिमिट लागल्यावर ब्लॉक ड्रमपासून किती लांब थांबला ते नजरेत ठेवायचं. कालच्यापेक्षा जवळ थांबला तर ब्रेक बघायचा. लागलीच नाही तर त्याच क्षणी बटण सोडायचं, मेन स्विच खाली करायचा, त्याला कुलूप घालायचं. त्या पाळीत कितीही तातडीचं वजन उचलायचं असलं तरी. आणि हे ठरवण्यासाठी ऑपरेटरला कुणा साहेबाची परवानगी मागावी लागू नये. बटण त्याच्या हातात आहे, कुलपाची किल्लीही त्याच्याच खिशात हवी.